लंडनमध्ये आई-बाबांना घेऊन फिरताय? मिनिटं नका मोजू, पायऱ्या मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून सहा जण मे महिन्यात सात दिवसांसाठी लंडनला येताहेत. नवरा-बायको, सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा. हॉटेल पॅडिंग्टनला. आईंचे गुडघे दुखतात. पास काढावा का, ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने फिरावं की सरळ टॅक्सी करावी, आणि आंबेडकर हाउसला कसं जावं?

मी गेली सोळा वर्षं लंडनमध्ये मराठी पाहुण्यांना फिरवते. आधी घरचेच पाहुणे होते, मग त्यांचे शेजारी, मग शेजाऱ्यांचे व्याही, आणि आता तो माझा व्यवसायच झालाय. त्यामुळे तुमच्या प्रश्नातलं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठलं ते सांगते: "आईंचे गुडघे दुखतात." बाकी सगळं त्याभोवती बसवायचं.

फोनवरचं ॲप तुम्हाला सांगेल की अमुक ठिकाणी ट्यूबने १८ मिनिटं आणि बसने ३१. हे वाचून नव्वद टक्के लोक ट्यूब धरतात. पण त्या १८ मिनिटांत दोन जिने, एक लांबलचक बोगदा, तीन सरकते जिने आणि गर्दीत उभं राहणं असतं. बसच्या ३१ मिनिटांत आई खिडकीशी बसून सेंट पॉल्सचा घुमट बघत असतात. ट्यूबच्या निम्म्याहून जास्त स्टेशनांवर आजही रस्त्यापासून गाडीपर्यंत पायऱ्यांशिवाय जाता येत नाही. त्यात अधिकाऱ्यांचा हलगर्जीपणा आहे असं नाही, वय आहे. १० जानेवारी १८६३ ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी रेल्वे धावली, तीही वाफेच्या इंजिनावर. बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. त्या काळी लिफ्टचा विचार कोण करणार?

सुदैवाने तुमचं हॉटेल पॅडिंग्टनला आहे, आणि तिथून एलिझाबेथ लाइन जाते. २४ मे २०२२ ला सुरू झालेली ही जांभळी लाइन. हिच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहेत, डबे वातानुकूलित आहेत आणि गाडी इतकी लांब की गर्दीच्या वेळीही कुठे ना कुठे जागा सापडते. पॅडिंग्टनहून बाँड स्ट्रीट, टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट, कॅनरी वॉर्फ, सगळं एका रेषेत. तुमचा आठवडा या रेषेला टांगा. जिथं जायचं त्याच्या जवळच्या जांभळ्या स्टेशनावर उतरायचं आणि पुढे बस. ब्रिटिश म्युझियमला तर बसही नको, टॉटनहॅम कोर्ट रोडहून दहा मिनिटं चालत.

आता पासाचं. पास काढू नका. बँकेचं स्पर्शाने चालणारं कार्ड गेटवर टेकवायचं, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं, एवढंच. दिवसभरात किती प्रवास केला ते यंत्रणा स्वतः जोडते आणि ठरावीक मर्यादेपुढे एक पेनीही घेत नाही. २०२५ मध्ये झोन १ आणि २ साठी, म्हणजे लंडनच्या मधल्या दोन पट्ट्यांसाठी, ही मर्यादा दिवसाला ८.९० पौंड होती आणि नुसत्या बसने फिरलं तर ५.२५. तुम्ही बघणार ती जवळपास सगळी ठिकाणं या दोन झोनमध्येच येतात. पैसे दिवसाच्या शेवटी एकदम कापले जातात, त्यामुळे बँकेचा मेसेज दुसऱ्या दिवशी आला तर दचकू नका. आठवड्याचीही मर्यादा आहे, पण ती सोमवार ते रविवार धरतात. गुरुवारी उतरलात तर तिचा फायदा फारसा होत नाही.

इथं आपली माणसं तीन ठिकाणी अडकतात. पहिलं, भारतीय बँका कार्डाची परदेशातली आणि स्पर्शाने पैसे देण्याची सोय मुळात बंद ठेवतात. दोन्ही बटणं ॲपमध्ये वेगवेगळी असतात. निघण्याआधी पुण्यातच चालू करा. हीथ्रोच्या गेटवर रांग अडवून हे करणारे मी दर उन्हाळ्यात बघते. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड असू द्या. यूपीआयचा इथं उपयोग नाही.

दुसरं, एका कार्डावर एकच माणूस. चौघे मोठे म्हणजे चार वेगळी कार्डं. घरात तेवढी नसतील तर तुमचं क्रेडिट, तुमचं डेबिट, बायकोचं क्रेडिट, बायकोचं डेबिट असं वाटून टाका. पण मग ज्याचं त्यानेच आठवडाभर तेच वापरायचं. बाबांनी आत जाताना निळं आणि बाहेर पडताना लाल कार्ड टेकवलं की यंत्रणेला वाटतं दोन माणसांनी अर्धा-अर्धा प्रवास केला, आणि दोघांनाही जास्तीत जास्त भाडं लागतं. परतीच्या वेळी नोट्सच्या वहीत हिशेब घालत बसलेले काका मी पाहिलेत. कार्डाच्या पाठीवर चिकटपट्टी लावून नाव लिहा, बास.

तिसरं, बाहेर पडताना कार्ड टेकवायला विसरणं. ट्यूबच्या मोठ्या स्टेशनांवर गेटच असतं म्हणून आठवण राहते. डीएलआरच्या, म्हणजे पूर्वेकडच्या चालकाविना धावणाऱ्या छोट्या गाडीच्या, अनेक स्टेशनांवर गेट नसतं. खांबावर पिवळं यंत्र तेवढं असतं. माझी सख्खी मावशी पहिल्या दिवशी तिथून तशीच उतरून गेली आणि "इथं तिकीटच लागत नाही गं" असं मला कौतुकाने सांगत होती. दुसऱ्या दिवशी बँकेचा मेसेज आला. बसला मात्र उलटं. चढताना एकदाच टेकवायचं, उतरताना नाही.

ज्येष्ठ नागरिकांची सवलत आई-बाबांना मिळणार नाही. ती लंडनच्या रहिवाशांपुरतीच आहे. आठ वर्षांच्या मुलाला काहीच लागत नाही. अकराच्या आतली मुलं मोठ्यांसोबत ट्यूबमध्ये फुकट, बसमध्येही फुकट. बारा वर्षांच्या मुलीसाठी मात्र ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, घ्या आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला "यंग व्हिजिटर डिस्काउंट" टाकून द्यायला सांगा. ११ ते १५ वयाच्या पाहुण्यांना त्यावर १४ दिवस निम्मं भाडं लागतं. मशीन हे स्वतः करत नाही, माणसालाच सांगावं लागतं आणि मुलगी समोर हवी. ऑयस्टरच्या कार्डाचे पैसे परत मिळत नाहीत, पण आठवडाभर फिरणार असाल तर वसूल होतात.

हीथ्रोवर उतरल्यावरचं आता. एलिझाबेथ लाइन तुम्हाला अर्ध्या तासात थेट पॅडिंग्टनला सोडते, २०२५ मध्ये माणशी सुमारे १४ पौंड होते. पिकॅडिली लाइन याच्या निम्म्याहून स्वस्त, पण ती पॅडिंग्टनला जात नाही. सामान घेऊन मध्ये गाडी बदलावी लागेल. आणि एक तिसरी आहे, हीथ्रो एक्स्प्रेस. तीही पॅडिंग्टनलाच जाते, पंधरा मिनिटांत, पण २०२५ मध्ये आयत्या वेळी माणशी २५ पौंडांच्या घरात होती. मेख अशी की विमानतळावर एक्स्प्रेस आणि एलिझाबेथ एकाच फलाटावर येतात. आलेल्या पहिल्या गाडीत चढलात तर चौघांचे चाळीसेक पौंड वाचलेल्या पंधरा मिनिटांवर जातील. डब्यावरचा रंग आणि पाटी बघा, जांभळीच धरा.

पण तुम्ही सहा जण, चार मोठ्या बॅगा, नऊ-दहा तासांचं विमान आणि दुखरे गुडघे. चौघांचं गाडीभाडं पन्नासच्या वर जातंच. अशा वेळी आधीच ठरवलेली सात-आठ आसनांची गाडी फार महाग पडत नाही, आणि हॉटेलच्या दारात सोडते. मी स्वतः असंच करते. त्या दिवशी ट्यूबचा अनुभव घ्यायची हौस कुणालाच नसते.

टॅक्सीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथं मुंबईचा अनुभव उपयोगी पडत नाही. रस्त्यावर हात करून थांबवायची ती फक्त काळी टॅक्सी, छतावर नारिंगी दिवा लागलेला असेल तर मोकळी. बाकी जितक्या गाड्या आहेत, ॲपवरच्या असोत की गल्लीतल्या ऑफिसातून मागवलेल्या, त्या सगळ्या मिनीकॅब. त्या आधी नोंदवल्याशिवाय प्रवासी घेऊच शकत नाहीत, कायदाच तसा आहे. म्हणून विमानतळाच्या दारात किंवा रात्री नाटक सुटल्यावर कुणी "टॅक्सी, टॅक्सी?" करत जवळ आला तर मान हलवून पुढे चालू लागा. माझ्या एका ग्रुपमधले दोघे भाऊ मला न विचारता अशा एकाच्या गाडीत बसले आणि काळ्या टॅक्सीपेक्षाही जास्त पैसे देऊन आले. पावती नाही, नंबर नाही, तक्रार कुणाकडे करणार?

काळ्या टॅक्सीच्या चालकाला परवान्यासाठी "द नॉलेज" नावाची परीक्षा द्यावी लागते. १८६५ पासून चालत आलेली. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते पाठ करायचे, तेही नकाशा न बघता तोंडी सांगता यायला हवेत. तीन-चार वर्षं सहज जातात. मोपेडवर समोर नकाशा लावून थंडीत गल्ल्या पाठ करत फिरणारी पोरं दिसली तर ती हीच. त्यामुळे चालकाला पत्ता नीट सांगितला की गुगल लावून त्याला रस्ता दाखवत बसू नका, तो दुखावतो. खिडकीतून आधी ठिकाण सांगायचं, मग बसायचं. मीटर असतो, कार्ड चालतं, बक्षिसी म्हणून वरचे सुटे पैसे राहू दिले की पुरे. नव्या विजेवरच्या टॅक्सीत सहा जण बसतात, दोघं-तिघं चालकाकडे पाठ करून. मुलं त्या घडीच्या जागांवर भांडतील हे गृहीत धरा. चढायला पाय फार उचलावा लागत नाही, रॅम्प लावता येतो. गुडघ्यांना याहून चांगलं वाहन लंडनमध्ये नाही.

तरीही दिवसभर टॅक्सी करू नका. मीटर अंतरावर चालतो तसा वेळेवरही चालतो, आणि मध्य लंडनमध्ये गाडी दुपारी बारा वाजता चालत नाही, रांगते. रात्री दहानंतर दरही चढा असतो. टॅक्सी राखून ठेवा ती थकलेल्या संध्याकाळसाठी, पावसासाठी आणि स्टेशनपासून चढाच्या शेवटच्या टप्प्यासाठी. सहा जणांत वाटली गेली की छोटा टप्पा परवडतो.

दिवसाचं खरं वाहन बस. २०२५ मध्ये भाडं १.७५ पौंड होतं, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही वेळा बस बदला, पुन्हा पैसे लागत नाहीत. रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. मी पाहुण्यांना पहिल्या दिवशी हे करायला लावते: पॅडिंग्टनहून जांभळ्या लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोड, तिथून २४ नंबरची बस दक्षिणेकडे. चेरिंग क्रॉस रोडवरून ती ट्रफाल्गर स्क्वेअरला येते, मग व्हाइटहॉलने थेट पार्लमेंटपाशी. बिग बेन बघून झालं की ट्रफाल्गरला परत या आणि १५ नंबर पकडा. स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स, मॉन्युमेंट करत ती टॉवर ऑफ लंडनपाशी सोडते. उघड्या छताच्या पर्यटक बसवाले याच रस्त्यांचे कितीतरी पट पैसे घेतात.

बसमध्ये दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे थांब्यावरचं अक्षर. एकाच चौकात एच, जे, के, एल असे थांबे असतात आणि तुमची बस एकाच अक्षरावर थांबते, तीही एकाच दिशेची. नंबर बरोबर आणि दिशा उलटी, ही लंडनमधली सगळ्यात सर्रास चूक. दुसरं, बस दिसली की हात बाहेर करा, नाहीतर चालक पुढे निघून जाऊ शकतो. आई-बाबांना खाली पुढच्या राखीव जागांवर बसवा आणि मुलांना घेऊन तुम्ही वर जा. बस चालू असताना कुणीही जिना चढायचा नाही. बेस्टच्या डबलडेकरमध्ये आपण सगळे तसेच चढायचो, पण तेव्हा गुडघे वेगळे होते.

ट्यूब अजिबात टाळा असं म्हणत नाही. मुलांना ती हवीच असते. पण स्टेशन निवडून घ्या. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून कंटाळून जिन्याने निघालात तर १९३ गोल पायऱ्या आहेत. आणि गंमत म्हणजे लेस्टर स्क्वेअरहून तिथं यायला ट्यूब लागतच नाही, दोन स्टेशनांत तीनशे मीटरही अंतर नाही. हा नकाशाचा दोष. हॅरी बेकने १९३३ चा तो प्रसिद्ध नकाशा विजेच्या सर्किटसारखा आखला; रेषा सरळ, अंतरं सारखी. वाचायला सोपा, पण अंतराबद्दल तो काहीच सांगत नाही. मध्यात एक स्टेशन म्हणजे पाच मिनिटांची चाल, टोकाला एक स्टेशन म्हणजे दोन-तीन मैल. ग्रीन पार्कला गाडी बदलायचा मार्ग ॲपने सुचवला तर नाही म्हणा. तिथला बोगदा संपता संपत नाही.

पॅडिंग्टनचं एक खास सांगते, कारण तुम्ही रोज तिथूनच निघणार. नकाशावर पिवळी सर्कल लाइन पॅडिंग्टनला दिसेल. प्रत्यक्षात सर्कल लाइनची तिथं दोन वेगळी स्टेशनं आहेत, मोठ्या रेल्वे स्टेशनच्या दोन विरुद्ध बाजूंना. प्रेड स्ट्रीटच्या बाजूची वेस्टमिन्स्टरकडे जाते. कालव्याच्या बाजूची किंग्ज क्रॉसकडे. चुकीच्या बाजूला गेलात की अख्खं स्टेशन ओलांडून परत. सर्कल लाइन २००९ पासून गोलही राहिलेली नाही, एजवेअर रोडला संपते. आणि एजवेअर रोड म्हणजे एजवेअर नव्हे. एक तुमच्या हॉटेलपासून चालत आहे, दुसरं उत्तरेच्या टोकाला.

याच गोंधळातून आंबेडकर हाउसकडे येते. पत्ता १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथं राहिले. महाराष्ट्र सरकारने ते घर २०१५ मध्ये घेतलं. जवळचं स्टेशन चॉक फार्म, नॉर्दर्न लाइनवर. ही काळी लाइन कॅम्डेन टाउनला दुभंगते. एक फाटा एजवेअरला, दुसरा हाय बार्नेटला. चॉक फार्म एजवेअरच्या फाट्यावर. दादरला उभे राहून कर्जत की कसारा बघता ना, तस्संच डब्यावरचं शेवटच्या स्टेशनचं नाव बघा. टॉटनहॅम कोर्ट रोडला लिफ्टने खाली जा, एजवेअरची गाडी घ्या, चॉक फार्मला उतरून पाचेक मिनिटं चाला. पायऱ्या नकोच असतील तर तीच २४ नंबरची बस उत्तरेकडे कॅम्डेनपर्यंत घ्या आणि तिथून काळी टॅक्सी. निघण्याआधी घर कोणत्या वेळी उघडं असतं ते मात्र बघा. हायगेटचं सावरकर राहिले ते घर, ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू, बाबांना बघायचं असेल तर ते दुसऱ्या फाट्यावर येतं. दोन्ही एकाच दिवशी करायची असतील तर कॅम्डेनला परत येऊन हाय बार्नेटची गाडी. त्या घराला फक्त निळी पाटी आहे. आत लोक राहतात, बेल वाजवू नका.

ग्रिनिचला जाणारच असाल तर टॉवरच्या धक्क्यावरून नावेने जा. येताना तिथल्या कटी सार्क स्टेशनहून डीएलआर धरा आणि मुलांना अगदी पुढच्या सीटवर बसवा. चालक नसल्यामुळे समोरची काच त्यांचीच. कॅनरी वॉर्फला उतरून चालत जांभळ्या लाइनला या आणि थेट पॅडिंग्टन. या सगळ्या परतीच्या वाटेवर एकही पायरी चढावी लागत नाही.

वेळेचं इतकंच की सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात भाडंही जास्त आणि गर्दीही. नाश्ता सावकाश करा, दहाला निघा. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी कुठली ना कुठली लाइन बंद असते, शुक्रवारी रात्री ॲपमध्ये बघून ठेवा. लंडनच्या वाहतूक खात्याच्या टीएफएल गो या ॲपमध्ये पायऱ्यांशिवायचे मार्ग दाखवायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं हे मुलांना सांगून ठेवा. आणि घरात एक नियम ठरवा: दार बंद होऊन कुणी डब्यात एकटं पुढे गेलं, तर त्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून फलाटावर थांबायचं; मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने यायचं. माझ्या एका ग्रुपमधल्या आजी अशा एकट्या गेल्या. मराठीखेरीज भाषा येत नव्हती, फोन सुनेच्या पर्समध्ये. पण नियम पाठ होता. आम्ही चार मिनिटांनी पोहोचलो तेव्हा आजी बाकावर बसून शेजारच्या बाईला लाडू देत होत्या.

परतीचं विमान सकाळचं असेल तर तेव्हाही गाडी आधीच ठरवा, विशेषतः रविवारी. त्या दिवशी सकाळच्या गाड्या उशिरा सुरू होतात. मुलीच्या ऑयस्टरवर दहा पौंडांच्या आत पैसे उरले असतील तर स्टेशनवरच्या मशीनमधून परत मिळतात. वेळ नसेल तर कार्ड फेकू नका, त्यातले पैसे बुडत नाहीत. माझ्या ड्रॉवरमध्ये पाहुण्यांनी ठेवून गेलेली अशी डझनभर कार्डं आहेत. जो पुढचा येतो तो त्यातलं एक उचलतो, जाताना थोडे पैसे भरून परत ठेवतो.